वाटखर्चाची वही

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींना पथकर माफ झाला आणि मुलुंड-ऐरोलीच्या वेशीवरून ठाणेकर नोकरदार निर्वेध जाऊ लागला. परंतु त्याच्याच घरचे धान्य लादून त्याच्याच शेजारी उभ्या असलेल्या मालट्रकास मात्र कर भरणे पूर्ववत प्राप्त राहिले. ठाणे-कल्याणच्या लहान मोटारमालकांचे, म्हणजे एक गाडी स्वतः हाकणाऱ्या आणि दुसरीवर चालक ठेवणाऱ्यांचे, हिशेब लिहिण्यात ज्याची उमेद गेली, त्या माझ्यासारख्यास हा भेद जिव्हारी लागला.

या हिशेबांच्या आठवणींत ऐंशीच्या दशकाविषयी लिहावे असे थोडेच आहे; १९८२ साली ठाण्याची महापालिका झाली, पुढल्या वर्षी कल्याणची, आणि वसुलीची दप्तरे वाढली, इतकेच. मन रेंगाळते ते नव्वदीच्या दशकात. दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघालेल्या चालकाने हाती घेतलेल्या तसलमातीचा झाडा परतल्यावर एका अरुंद, लांबट वहीत द्यावा, असा तेव्हा शिरस्ता होता. डिझेल, जकात, हमाली, वाराई, वजनकाटा, पंक्चर, क्लिनरचा भत्ता अशा नोंदी एकाखाली एक. समासात तेलकट बोटांचे ठसे, आणि जकातीच्या पातळ पावत्या टाचणीने पानाला लावलेल्या. जकातीचा जाच इतका की तो चुकविण्यासाठी व्यापाऱ्यांनी गोदामेच पालिकांच्या हद्दीबाहेर, भिवंडी तालुक्यातल्या ग्रामपंचायतींत नेली. रस्त्यावरील चिरीमिरी ‘किरकोळ’ या सदरात जाई. आयकर कायद्याच्या १९९८ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरणारा खर्च वजावटीतून काढला तो तत्त्वतः योग्यच, पण देणाऱ्याला ती रक्कम रात्रीच्या अंधारात कोण मागत असे, याची चौकशी मात्र कोणी केली नाही. पंक्चरच्या पाच-पंचवीस रुपयांची छापील पावती मागून एका गरीब मालकाचा सारा खर्च अमान्य करणारा एक आयकर अधिकारी मला अजून आठवतो. शिळफाट्याच्या टपरीवर पावतीपुस्तक नसते, हे त्याला ठाऊक नव्हते असे मी मानत नाही.

अशा छळातून सुटका म्हणून १९९४ साली आयकर कायद्यात ४४एई हे कलम आले. दहापर्यंत गाड्या असणाऱ्याचे उत्पन्न अवजड गाडीमागे दरमहा २ हजार रुपये गृहीत धरावे, वह्यांची सक्ती नसावी, अशी ती तजवीज. आम्हा सर्वांस ती वरदान वाटली, आणि त्या काळापुरती ती होतीही. परंतु वही लागत नाही म्हटल्यावर ती कोण लिहिणार? दशक सरता सरता मुलांनी बापाचा रोजमेळ माळ्यावर टाकला, आणि आपली गाडी खरोखर किती मिळविते हे सांगणारा एकमेव दस्तऐवज नाहीसा झाला.

पुढली वर्षे भराभर सांगता येतील. गृहीत रक्कम वाढत साडेसात हजारांवर आली. ठाण्याची जकात २०१३ साली गेली, मुंबईची २०१७ साली. मग २०१८-१९ पासून बारा टनांवरील गाडीस टनामागे दरमहा हजार रुपये असा हिशेब लागू झाला. पंचवीस टनी दोन गाड्या असलेल्याचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांवरून एका फटक्यात ६ लाख ठरले. गाडी गॅरेजात पडून असली तरी महिना मोजला जातोच. घसारा वेगळा मिळत नाही, पण तो मिळाला असे मानून गाडीची किंमत मात्र दरसाल घटविली जाते, आणि जुनी गाडी विकताना नफ्यावर कर उभा राहतो. आता १२ लाखांपर्यंतच्या सवलतीने कराची झळ मंदावली, हे मान्य. पण कमी उत्पन्न दाखवायचे तर वह्या आणि लेखापरीक्षण दोन्ही हवे, आणि नवे कर्ज मागताना बँकेला खरा नफा हवा.

परवा एक मालक फास्टॅगचा उतारा घेऊन आला. त्यात पथकराचा रुपयान् रुपया होता. भिवंडीच्या गोदामातील हमाली, रस्त्यात बदललेला टायर, चालकाचे जेवण यांचा कुठेही मागमूस नव्हता. ज्या लहान मालकाने रोजचा खर्च इमानाने लिहिला, त्याची वही लेखापरीक्षणाशिवाय ग्राह्य धरावी, ही मागणी आम्ही १९९४ सालीच करावयास हवी होती, आणि वाहतूकदारांच्या संघटनांनी ती निदान आता तरी लावून धरावी.