लाकडी काठीचा धडा आपण अर्धाच शिकवतो

‘शॉक लागलेल्या माणसाला हात लावू नका, कोरड्या लाकडी काठीने बाजूला करा.’ आपण सगळेच वर्गात हे शिकवतो. मुलंही पाठ करतात. पण हा धडा घरातल्या 230 व्होल्टचा आहे. शेतावरून जाणारी लाईन 11 हजार किंवा 22 हजार व्होल्टची असते, आणि तिथे हीच काठी जीव घेऊ शकते. लाकडात जरासा ओलावा असला तरी एवढ्या दाबाला तो पुरतो. तारेला स्पर्श व्हायचीही गरज नसते. पतंग काढायचा लोखंडी गज, स्प्रिंकलरचा ॲल्युमिनियमचा पाइप नुसता जवळ गेला तरी मधल्या हवेतून ठिणगी उडी मारते.

तार तुटून जमिनीवर पडली तर? तिच्याभोवतीच्या जमिनीतही वीज उतरते. तारेपाशी दाब जास्त, लांब जाल तसा कमी. लांब ढांग टाकली की दोन पायांखालच्या दाबात फरक पडतो आणि वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. गाय-बैल पटकन दगावतात ते यामुळेच, त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त ना! मैदानावर फक्कीने वर्तुळं आखून मुलांना पावलं जोडून, पाय न उचलता सरकत बाहेर यायला लावा. खेळ म्हणून घेतलं की विसरत नाहीत.

पालकांनो, डीपीचा फ्यूज गेला की ‘वायरमन कधी येणार’ म्हणून आपणच वर चढतो. खालचा फ्यूज काढला तरी वरच्या बाजूला 11 हजार व्होल्ट असतातच. कडब्याची उंच ट्रॉली तारेला लागली तर ट्रॅक्टरवरच बसून राहा, कोणाला जवळ येऊ देऊ नका. आग लागली तरच, दोन्ही पाय जोडून, ट्रॅक्टरला हात न ठेवता उडी मारा आणि तसंच सरकत लांब जा.

भाजल्याची जखम फसवी असते. हातावर रुपयाएवढा काळा डाग दिसतो, पण वीज आतून स्नायू जाळत गेलेली असते. जळलेल्या स्नायूंतला घटक रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पाडू शकतो, लघवी चहासारखी काळपट होते. हृदयाचे ठोकेही बिघडतात. म्हणून ‘चालतोय, बोलतोय’ असं म्हणून घरी ठेवू नका. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नका. 108 ला फोन करून दवाखान्यातच न्या.

पण त्याच्याजवळ जायचं ते लाईन बंद केल्याचं वायरमनने सांगितल्यावरच. महावितरणचा नंबर 1912, फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा.