पुण्याचे मालक, ब्लॅकबर्नचे चाहते

वऱ्हाडातल्या भातकुलीच्या आसपासचा कापूस एके काळी थेट इंग्लंडच्या गिरण्यांसाठी पिकायचा. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस लँकेशायर परगण्याला मिळेनासा झाला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर खिळली. निजामाकडून 1853 मध्ये हाती आलेला हा मुलूख त्यांना कापसासाठीही हवा होता. रेल्वे आली, बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला, खामगाव आणि अमरावतीचे बाजार भरभराटले. त्या लँकेशायरमधलं ब्लॅकबर्न हे मागांचं गाव. हिंदुस्थानात विकायची धोतरं विणणं हा तिथला मोठा धंदा होता. पुढे तो बसला, त्यात स्वदेशीच्या चळवळीचाही हात होता. 1931 च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी या बेकार गिरणीकामगारांना भेटायला मुद्दाम शेजारच्या डार्वेनला जाऊन राहिले होते.

आज त्या गावाचं महाराष्ट्राशी नातं आहे ते कोंबडीमुळे. आपल्याकडे कुक्कुटपालन करणाऱ्याला पिल्लं, खाद्य आणि औषधं यांच्या संदर्भात ‘वेंकीज’ हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. पुण्याच्या याच व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने नोव्हेंबर 2010 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब 2 कोटी 30 लाख पौंडांना विकत घेतला. शिवाय क्लबचं कर्जही अंगावर घेतलं. तेव्हापासून तिथले चाहते पुण्याच्या नावाने बोटं मोडत आले आहेत. ती चीड समजून घ्यायची तर आधी हा क्लब काय होता ते पाहायला हवं.

ब्लॅकबर्न म्हणजे लोकवस्तीने आपल्या अचलपूरएवढं गाव. एवढ्याशा गावाने 1875 मध्ये क्लब काढला. 1888 मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हाच्या बारा संस्थापक संघांत रोव्हर्स होते. एफए कप त्यांनी सहा वेळा जिंकला. 1890 पासून ते इवूड पार्कच्या मैदानावर खेळतात. अर्धा निळा, अर्धा पांढरा सदरा ही त्यांची ओळख. पुढे उतरती कळा लागली. याच गावात जन्मलेल्या, पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या जॅक वॉकरने 1991 मध्ये क्लब हाती घेतला. त्याने केनी डॅलग्लिशसारखा प्रशिक्षक आणला, ॲलन शिअररला घेतलं, स्टेडियम नव्याने बांधलं. 1994-95 च्या हंगामात शिअररने लीगमध्ये 34 गोल केले आणि मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून रोव्हर्स प्रीमियर लीगचे विजेते झाले. वॉकर 2000 मध्ये गेला. त्याने मागे ठेवलेल्या ट्रस्टने दहा वर्षांनी क्लब विकला.

मालकाच्या पैशावर तेव्हाही क्लब चालत होता, हे मुद्दाम सांगतो. ब्लॅकबर्नच्या लोकांना श्रीमंत मालकाचं वावडं नव्हतं. वॉकरचा पुतळा आजही इवूड पार्कला उभा आहे.

वेंकीजने क्लब घेतला तेव्हा सॅम ॲलरडाइस प्रशिक्षक होते. संघ वीस संघांत साधारण मध्यावर होता. चॅम्पियन होण्याजोगा नव्हता, पण बुडतही नव्हता. महिना उलटायच्या आत, 13 डिसेंबर 2010 ला, ॲलरडाइसना काढण्यात आलं. त्यांच्या जागी स्टीव्ह कीन आले. स्वतंत्रपणे संघ सांभाळायचा त्यांना अनुभव नव्हता. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीत एजंटांचा सल्ला चालू लागला. प्रशिक्षकाला काढताना आपल्याला विचारलंच नाही, अशी तक्रार क्लबच्या जुन्याजाणत्या पदाधिकाऱ्यांनी वेंकीज समूहाच्या प्रमुख अनुराधा देसाई यांना पत्राने कळवली होती. क्लबचे अध्यक्ष जॉन विल्यम्स काही आठवड्यांतच बाहेर पडले. वर्षभराने उपमुख्य कार्यकारी पॉल हंट यांनी कीनना बदला, असं पत्र लिहिलं. ते मे 2012 मध्ये वर्तमानपत्रांत फुटलं आणि हंट यांची नोकरी गेली.

या सगळ्यात रोनाल्डिनो आणि बेकहॅमला आणण्याच्या गोष्टी झाल्या. खेळाडूंना कोंबडीच्या जाहिरातीत उभं केलं गेलं. ऑक्टोबर 2011 मध्ये हंगाम चालू असताना संघाला बालेवाडीत पुणे एफसीविरुद्ध मैत्रीचा सामना खेळायला आणलं. पुणेकरांना तो सोहळा होता. तळाला गेलेल्या संघाच्या चाहत्याला तो कसा वाटला असेल? फिल जोन्ससारखा गावात घडलेला खेळाडू त्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडला विकला गेला होता. 7 मे 2012 ला विगनविरुद्ध हरून रोव्हर्स प्रीमियर लीगमधून बाहेर पडले. त्या रात्री क्लबच्या रंगांत गुंडाळलेली एक कोंबडी कुणीतरी मैदानात सोडली. ते छायाचित्र जगभर गेलं. लोकांनी हसून सोडून दिलं, पण त्यामागे हजारो माणसांचा दीड वर्षाचा निषेध होता. मोर्चे झाले होते, फलक लागले होते.

पुढचा हंगाम त्याहून वाईट गेला. कीन सप्टेंबरात गेले. हेनिंग बर्ग आले आणि 57 दिवसांत गेले. मायकेल ॲपल्टन 67 दिवस टिकले. दरम्यान मलेशियाचे माजी खेळाडू आणि टीव्ही समालोचक शेबी सिंग यांना सल्लागार नेमलेलं, त्यामुळे क्लबमध्ये शब्द नक्की कुणाचा चालतो हेच कळेना. बर्ग कोर्टात गेले आणि क्लबला सुमारे साडेबावीस लाख पौंड मोजावे लागले. 2017 मध्ये रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत घसरले. प्रीमियर लीग जिंकलेला संघ इतका खाली जाण्याची ती पहिलीच वेळ होती. प्रेक्षक तोवर निम्म्यावर आले होते. जे घरी बसले, त्यांतले कित्येक जण आजोबांपासून चालत आलेली आपली खुर्ची सोडून बसले होते.

वेंकीजने पैसा काढून नेला असं कुणी म्हणू शकत नाही. उलट आजवर 20 कोटी पौंडांहून अधिक रक्कम त्यांनी या क्लबात ओतली आहे. एके काळी त्याच परगण्यात असलेल्या बरी गावचा जुना क्लब 2019 मध्ये पैशाअभावी लीगमधून काढला गेला. रोव्हर्सवर ती वेळ आली नाही. टोनी मोब्रे यांच्या हाताखाली 2018 मध्ये ते दुसऱ्या श्रेणीत परतलेही. नंतर मात्र पैशाची वाटही अरुंद झाली. समूहाच्या मागे लागलेल्या ईडीच्या चौकशीमुळे क्लबसाठी रक्कम पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली. 2024 च्या सुरुवातीला ॲडम व्हार्टन हा घरचा गुणी खेळाडू क्रिस्टल पॅलेसला विकावा लागला. 2025 मध्ये तर महिलांच्या संघाने दुसऱ्या श्रेणीतून माघार घेतली. मालक सामन्याला येत नाहीत, समोर बसून बोलत नाहीत, ही चाहत्यांची तक्रार या सगळ्या वर्षांत एकदाही मिटलेली नाही.

मला या कथेत सर्वांत जास्त टोचतं ते वेगळंच. समूहाचे संस्थापक डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये हैदराबादला हॅचरी सुरू केली. त्या काळी अंड्याचा भाव व्यापारी ठरवत, शेतकऱ्याचा खर्चही निघत नसे. राव गावोगाव फिरले, अंडी उत्पादकांना एकत्र केलं आणि 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, उभी राहिली. माझं अंडं, माझा भाव, हा त्या चळवळीचा गाभा होता. आजही या समितीचा रोजचा दर पाहून अमरावती-अकोल्यातले सौदे होतात. ज्याच्या घामावर धंदा उभा आहे त्याला बोलायचा हक्क आहे, हे या घराण्याने शेतकऱ्याच्या बाबतीत ओळखलं. ब्लॅकबर्नच्या चाहत्याच्या बाबतीत ते ओळखलं नाही.

आपल्याकडेही असंच चाललं आहे, फक्त आवाज कमी. बालेवाडीत रोव्हर्सशी खेळलेला पुणे एफसी 2015 मध्ये बंद पडला. 2014 मध्ये आलेला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाला मिळाली. दोन्ही वेळा तिकीट काढून येणाऱ्या पोरांना कुणी विचारलं नाही.

जर्मनीत क्लबमधली निम्म्याहून अधिक मतं सभासदांकडेच राहावीत असा नियम आहे. इंग्लंडमध्ये जुलै 2025 मध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा झाला. आता तिथल्या मालकाला चाहत्यांना डावलून क्लबचं बोधचिन्ह किंवा सदऱ्याचे रंग बदलता येणार नाहीत, मैदान विकायलाही या कायद्याने नेमलेल्या नियामकाची परवानगी लागेल. कार्डिफच्या मालकाने 2012 मध्ये निळ्या संघाला लाल सदरे घातले होते आणि ते निळे व्हायला 2015 उजाडलं. असे प्रकार यापुढे थांबतील. प्रशिक्षक कुणाला नेमायचं, कधी काढायचं, हे मात्र कोणताही कायदा ठरवून देणार नाही.

तेव्हा पुण्याच्या मालकांनी दोनांपैकी एक करावं. इवूड पार्कला जाऊन चाहत्यांच्या प्रतिनिधींसमोर बसावं, त्यांना संचालक मंडळात जागा द्यावी, आणि खेळाचे निर्णय खेळ कळणाऱ्यांवर सोपवावेत. ते जमत नसेल तर नीट पारखून, क्लब सांभाळील अशा माणसाला तो विकावा.