वैद्यकीय तंत्र, कायदा आणि नीती : अभ्यासाचे एक नवे क्षेत्र

गर्भातील दोष वेळीच कळावेत म्हणून गर्भजल परीक्षेचे तंत्र निर्माण झाले. परंतु १९८० च्या दशकात तेच तंत्र मुलीचा गर्भ शोधून नाहीसा करण्याचे साधन बनले. शास्त्राने शोध लावला; त्याचा वापर कोठवर व्हावा, हे ठरविणे मात्र समाजाचे आणि कायद्याचे काम होते. आरोग्य कायदा आणि वैद्यकीय नीतिशास्त्र ही अभ्यासशाखा नेमक्या याच प्रश्नाचा विचार करते.

अभ्यासातून कायद्याकडे

महिला संघटना, डॉक्टर व वकील यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने या विषयावरील देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. त्याची अंमलबजावणी नीट होत नाही हे पाहून मुंबईची ‘सेहत’ ही संशोधन संस्था, पुण्याची ‘मासूम’ ही संस्था आणि संशोधक डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे २००३ मध्ये कायद्यात सुधारणा होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली.

या कायद्यात नीतिविचारही आहे. लिंगनिदान करून घेणाऱ्या गर्भवतीवर पतीने वा नातेवाइकांनी सक्ती केली असावी, असे विरुद्ध पुरावा नसल्यास न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते.

तरीही केवळ कायद्याने काम भागत नाही. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात ८९४, तर जालन्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात अवघी ८०७ होती. कायदा कोठे अपुरा पडतो, हे शोधणाऱ्या अभ्यासकांची गरज यावरून ध्यानात येते.

जालन्याच्या विद्यार्थ्यांना संधी

आज अवयव प्रत्यारोपण, सरोगसी, दूरस्थ वैद्यकीय सल्ला आणि रोगनिदानातील कृत्रिम बुद्धिमत्ता यांनी नवे प्रश्न उभे केले आहेत. चूक यंत्राची असल्यास जबाबदार कोण? रुग्णाची संमती खरी केव्हा मानावी?

या क्षेत्रात अध्यापन व संशोधन करण्यासाठी कायद्याची पदवी, पदव्युत्तर शिक्षण, नेट किंवा सेट परीक्षा आणि पीएच.डी. असा मार्ग आहे. डॉक्टरांनाही तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम घेता येतो. छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, तर जालना येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. विधी आणि वैद्यक या दोन्ही शाखा आता जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या आवाक्यात आल्या आहेत.

यंत्र शहरातून खेड्यात येण्यास फार काळ लागत नाही. त्याच्या वापराचा विवेक शिकविणारी माणसेही याच मातीतून घडावयास हवीत.