बंद इंजिन खोलावे की नाही?

परसातल्या पडवीत, गोणपाटाखाली झाकलेली एखादी मोटारसायकल आपल्याकडे कितीतरी घरांत आढळते. ती विकवत नाही आणि चालवताही येत नाही. दिवाळीच्या साफसफाईत तिचा विषय निघतो आणि ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून गोणपाट पुन्हा तिच्यावर पडतो. आमच्या कोल्हापूरच्या घरात अशी गाडी आहे, वडिलांची १९६८ सालची जावा. १९९४ मध्ये त्यांची नजर अधू झाली, तेव्हा ती उभी राहिली ती कायमची. यंदा मात्र निर्णय घ्यायचा आहे. इंजिन खोलून नव्याने बांधायचे, की गाडी आहे तशी ठेवायची?

जावा मूळची झेकोस्लोव्हाकियाची. फ्रांटिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये ‘वाँडरर’ या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून ती बनू लागली. पुढे तिची येझदी झाली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव बाजारात परतले, पण त्या नव्या फोर-स्ट्रोक इंजिनाचा आमच्या गाडीशी काही संबंध नाही. आमचे इंजिन साधेसुधे : एक सिलिंडर, दोन सायलेन्सर, ६५ मिलिमीटरचा बोअर, ७५चा स्ट्रोक. किक मारायची तीच दांडी पुढे गिअर टाकायलाही वापरायची!

हे साधेपणच फसवे आहे. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाडीत तेलाचा वेगळा साठा असतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलात मिसळलेले तेलच क्रँकपर्यंत पोहोचते. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की ते सुकते, दमट हवेतले पाणी तळाशी साचते आणि बेअरिंगांवर गंज चढतो. क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी ऑइल सील कडक होऊन चिरतात. अशा सीलमधून इंजिन बाहेरची हवा ओढते, मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि चालत्या गाडीत सिलिंडरमध्ये अडकतो. म्हणजे किक मारल्यावर इंजिन सुरू झाले, एवढ्यावरून ते धड आहे असे मुळीच नव्हे.

किक हलत नव्हती, तरी आम्ही तिच्यावर जोर दिला नाही. प्लग काढून आत तेल सोडले, तीनचार दिवस थांबलो, मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हलकेच पुढेमागे केले. पिस्टन सुटला! उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींनी प्लगच्या भोकातून बॅटरी मारून पाहिले. ‘‘सर, हिला उभी करताना कुणीतरी आत तेल घातलेलं दिसतंय. कार्बोरेटर पण रिकामा हाय. वरचं काम ठीक हाय. खालचं मात्र खोलल्याबिगर कळायचं न्हाई. पण आधी एक ठरवा, गाडी फिरवायची हाय का ठेवायची?’’

घरात यावर तीन मते पडली. धाकट्या भावाला गाडी नव्यासारखी हवी : नवा पिस्टन, नवा रंग, झगमगते क्रोम. आई म्हणते, ‘‘त्यांनी ठेवली तशी राहू दे. कशाला उकलता?’’ मुलाला पन्हाळ्यापर्यंत फेरी मारायची आहे.

नियमांचा धागाही यात आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपुढच्या व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी तिची अट आहे. अशी नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा खटारा म्हणून दुसरे इंजिन आणून बसवणे हा सोपा वाटणारा मार्ग खरे तर गाडीची ओळखच पुसणारा आहे. शिवाय सिलिंडरचा बोअर पाव-पाव मिलिमीटरने वाढवता येतो, पण त्यालाही मर्यादा आहे. प्रत्येक बोअर म्हणजे पुढच्या पिढीच्या शिल्लकेतून केलेली उचल!

या सगळ्याचा विचार करता मला एक कसोटी पटली. जुने आहे म्हणून काही बदलायचे नाही. घातक ठरेल तेवढेच बदलायचे. सील जाणारच. बेअरिंगवर गंज असेल तर तीही जातील. क्रँक दाबून जोडलेला असल्याने तो उघडावा लागला, तर प्रेस आणि डायल गेज असलेल्या कारागिराकडेच देऊ. पण पिस्टन आणि सिलिंडर मापात भरले तर तेच राहतील. रंगाला हात लावायचा नाही. पेट्रोलच्या नळ्या मात्र नव्या हव्यात, कारण आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. खर्चाची मर्यादा आधीच कागदावर लिहिली आहे. खोलल्यावर हिशेब त्यापुढे गेला, तर सुटे भाग तेल लावून, चिठ्ठ्या बांधून नीट ठेवून देऊ. अर्धवट थांबणे चालेल, अर्धवट बांधणे नको.

आईला हे पटवणे सर्वांत अवघड होते. मिस्त्रींचे बोलणे मी तिला सांगितले. ज्याला गाडी नुसती ठेवायची असते, तो प्लगच्या भोकातून तेल सोडत नाही, कार्बोरेटर रिकामा करत नाही. वडिलांनी गाडी बंद केली नव्हती, पुन्हा सुरू करता यावी अशी ठेवली होती. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘खोला. पण त्यातला एकही नट हरवायचा नाही.’’