भाजी चिरण्याची लाकडी फळी : घडण आणि निगा

महाराष्ट्रात विळी आणि कर्नाटकात ईळिगे मणे. नावे वेगळी असली तरी बसून भाजी चिरण्याची पद्धत एकच. विळीवर भाजी पात्यावर हवेतच कापली जाते. लाकडाचा पाट केवळ आधारासाठी असतो. मात्र दक्षिण बंगळुरूतील जे. पी. नगरसारख्या वसाहतींमधील सदनिकांत उभ्याचा ओटा आला आणि विळीच्या जागी सुरी व फळी आली. सुरीचा प्रत्येक घाव फळीवरच पडतो. त्यामुळे फळी कशाची आहे, हा प्रश्न आता थेट आरोग्याशी जोडला गेला आहे.

लाकडात जंतू राहतात म्हणून प्लास्टिक बरे, असा समज बराच काळ रूढ होता. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी त्याला धक्का दिला. लाकडावर टाकलेले जीवाणू आतील सूक्ष्म नळ्यांत ओढले गेले आणि पृष्ठभागावर परत सापडेनासे झाले. याउलट सुरीचे चरे पडलेल्या प्लास्टिकच्या फळ्या स्वच्छ करणे कठीण गेले. पुढे २०२३ मध्ये नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी प्लास्टिकच्या फळीवर चिरताना तिचे सूक्ष्म कण अन्नात मिसळतात, असे दाखवून दिले. त्याचे शरीरावर नेमके काय परिणाम होतात, हे अद्याप निश्चित झालेले नाही.

फळीसाठी लाकूड घट्ट, बारीक छिद्रांचे आणि उग्र वास नसलेले हवे. खाटकाच्या दुकानातील ओंडका चिंचेचा असतो, तो याच कारणाने. सागवान पाण्याला टिकतो, पण त्यातील सिलिकामुळे सुरीची धार लवकर बोथट होते.

लाकूड पुरते वाळलेले असणे सर्वात महत्त्वाचे. लाकूड लांबीत जवळपास आकसत नाही. रुंदीत मात्र आकसते, आणि वार्षिक वलयांच्या दिशेने ते त्यांना छेदणाऱ्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट आकसते. म्हणून जाणकार सुतार एकच रुंद फळी न घेता पट्ट्या कापतो, वलये उभी येतील अशा रीतीने त्या फिरवतो आणि जलरोधक डिंकाने जोडतो. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. फेब्रुवारी-मार्चमधील कोरडी हवा आणि नंतरचा दमट पावसाळा यांत घाईने केलेली फळी वाकते किंवा तडकते. कोकणातून आणलेली फळीही येथे तडकण्याची शक्यता असते.

लाकडाचे तंतू उभे ठेवून, म्हणजे आडव्या छेदाचे तुकडे जोडून केलेली फळी अधिक टिकाऊ ठरते, कारण सुरीचे पाते तंतूंच्या मधून जाते. मात्र ती तेल व पाणी दोन्ही अधिक शोषते.

फळी पाण्यात भिजत ठेवू नये. कोमट पाणी व साबणाने दोन्ही बाजू धुवाव्यात, पुसाव्यात आणि फळी कडेवर उभी करून वाळवावी. ओल्या अवस्थेत ओट्यावर आडवी ठेवल्यास एक बाजू आधी वाळते आणि फळी वाटीसारखी वाकते. कच्च्या मांस-मासळीसाठी वेगळी फळी ठेवणे इष्ट. एकच असल्यास भाजी आधी चिरावी. निर्जंतुकीकरणासाठी सुमारे ४ लिटर पाण्यात १ मोठा चमचा सुगंधरहित ब्लीच पुरते; त्यानंतर फळी स्वच्छ पाण्याने धुवून वाळवावी. कांद्या-लसणाचा वास राहिल्यास मीठ चोळून लिंबाची फोड फिरवावी.

तेलासाठी औषधांच्या दुकानातील लिक्विड पॅराफिन सोयीचे; ते खवट होत नाही. शेंगदाण्याचे तेल काही आठवड्यांत खवट होऊ शकते. जवसाचे तेल वाळून घट्ट थर देते, पण त्यात भिजलेली फडकी चोळामोळा करून टाकल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत.

उथळ चरे रंधा किंवा पॉलिश पेपरने काढता येतात. खोल तडा जाऊन त्यात ओल साचू लागली असेल, तर फळी बदलावी.