प्रतिमा गेल्या, नावे उरली

कलासंग्रहालयात प्रतिमा समोर असते आणि तिचे नाव खाली छोट्या पाटीवर असते. नाणेघाटाच्या लेण्यात नेमके उलटे आहे. तेथे नावे शिल्लक आहेत, प्रतिमा नाहीत. जाणत्या माणसाबरोबर गटाने फिरून कला पाहणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला जुन्नर-आंबेगाव परिसरात मला याहून चांगली जागा सापडलेली नाही.

घाटघरच्या पुढे, सह्याद्रीच्या ऐन कड्याशी, कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवर हे लेणे आहे. आत तिन्ही बाजूंना दगडी ओटा, डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा प्राकृत लेख आणि मागच्या भिंतीवर वरच्या अंगाला काही नावे. त्या नावांखाली सातवाहन राजकुळातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज पावलांच्या जागी काही खुणा दिसतात, एवढेच. नावे मात्र वाचता येतात: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. काळाबद्दल मतभेद आहेत. इसवी सनापूर्वीचे दुसरे ते पहिले शतक, या टप्प्यात बहुतेक मते येतात.

ही नावे आपल्याला आयती मिळालेली नाहीत. कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या लेखांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. जेम्स प्रिन्सेप यांनी वाचनाचा प्रयत्न केला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील अंकचिन्हांचा उलगडा केला आणि 1883 मध्ये ब्यूलर यांचे सविस्तर वाचन प्रसिद्ध झाले. म्हणजे एका भिंतीसमोर काही पिढ्या उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे आपण ती चार मिनिटांत ऐकतो.

गेली काही वर्षे मी येथे लहान गट आणतो. पुरातत्त्वाची पदवी माझ्याकडे नाही; जे आहे ते वाचून, विचारून आणि पुन्हा पुन्हा येऊन जमलेले आहे. गटात निवृत्त शिक्षक असतात, मंचरचे व्यापारी असतात, बँकेतल्या ताई असतात. प्रौढांना गोष्ट सांगितली की ती आवडते, पण त्यांचा खरा प्रश्न वेगळा असतो: ‘हे तुम्हाला कसे कळले?’ या प्रश्नाला उत्तर देणे हेच मार्गदर्शकाचे काम.

बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात 1907 च्या सुमारास बेंजामिन गिल्मन यांच्या पुढाकाराने प्रेक्षकांना दालनात सोबत करणारे ‘डोसेंट’ नेमले गेले. ‘शिकवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलेला हा शब्द. याच गिल्मननी पुढे संग्रहालयात येणाऱ्या थकव्याविषयीही लिहिले: वाकून, ताटकळून पाहणारा माणूस लवकरच पाहणे सोडून देतो. म्हणून मी गटाला आधी ओट्यावर बसवतो, मात्र भिंतीला पाठ टेकू देत नाही. पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही, फक्त पाहायचे. मग विचारतो, ‘काय दिसले?’

उत्तरे तीन कप्प्यांत ठेवायची, असा आमचा नियम आहे. दगड काय दाखवतो, अभ्यासक काय वाचतात आणि लोक काय सांगतात. नायनिकेचे नाव राजाच्या नावाच्या आधी कोरलेले आहे, हे पहिल्या कप्प्यातले. त्यावरून तिच्या अधिकाराविषयी काढलेले अनुमान दुसऱ्यातले. ‘महारठी’ शब्द दिसला की कोणीतरी लगेच आजच्या आडनावांपर्यंत पोहोचतो. तेव्हा मी कार्ल्याच्या लेखातही हीच पदवी येते एवढे सांगतो आणि तो शब्द तेथेच ठेवतो. मोठ्या लेखातील यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे, म्हणजे गाई, घोडे, कार्षापणे, व्यापाऱ्यांना विशेष भावतात. त्या अंकपद्धतीत शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगळी चिन्हे आहेत, हे कळल्यावर ते बोटाने हवेत आकडे गिरवू लागतात.

बाहेर वाटेवरचा दगडी रांजण तिसऱ्या कप्प्यातला. त्यात जकातीची नाणी टाकत, असे सगळे सांगतात. ती गोष्ट मीही सांगतो, पण ‘असे म्हणतात’ हे दोन शब्द गाळत नाही. ते गाळले की पुढच्या सहलीत ती गोष्ट इतिहास होते आणि त्यापुढच्या सहलीत पाठ्यपुस्तक.

यात केवळ नेमकेपणाचा प्रश्न नाही. फोटोत अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू घासणारे हात कोणत्याही लेण्यात पोहोचू शकतात. प्रतिमा एकदा गेल्या आहेतच. नावे झिजली तर उरेल फक्त आमचे बोलणे, आणि ते पडताळून पाहायला भिंत नसेल. ज्याने एक अक्षर स्वतः ओळखले, तो त्या अक्षराला हात लावत नाही, असे मी वारंवार पाहिले आहे. म्हणून प्रत्येक गटाला एकच अक्षर शिकवतो: ‘न’. उभी रेघ आणि तळाशी आडवी रेघ. नायनिकेचे नाव त्यानेच सुरू होते.