पाणी गोठते ते एकटेच

गारेगार तुम्ही सगळ्यांनीच खाल्ले असेल. लाल-केशरी कांडी पहिल्यांदा चोखताना भलतीच गोड लागते. मग गोडी कमी कमी होत जाते, रंग ओठांवर उतरतो आणि शेवटी काडीला पांढरट, बेचव बर्फ उरतो. गारेगारवाल्याने साखरेत हात आखडला, असे आपण म्हणतो. पण त्या बिचाऱ्याने तर साच्यात ओतताना साखर कांडीभर सारखीच घातलेली असते. मग पाक पुढे आणि बर्फ मागे, अशी ही फारकत केली कोणी?

केली ती गोठण्याच्या क्रियेनेच. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून बर्फाचा स्फटिक रचू लागतात, तेव्हा त्यांच्या जाळीत परक्याला जागा नसते. साखरेचा रेणू तर पाण्याच्या मानाने केवढा तरी अवजड. त्याला तिथे थारा नाही. मिठाला नाही, लिंबातल्या सायट्रिक आम्लाला नाही, सोड्यातल्या वायूला नाही आणि मद्यार्कालाही नाही. पाणी गोठते ते एकटेच, आणि बाकीची मंडळी उरलेल्या पाण्यात दाटीवाटीने राहतात. गारेगारात हा दाट पाक स्फटिकांच्या फटींत साचलेला असतो. तुम्ही चोखता तेव्हा तो आधी निघून येतो. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रावरचा बर्फ जुना झाला की त्यातून मीठ इतके निथळून जाते की तो वितळवून पिता येतो, त्याचे कारणही हेच.

हे एक वाक्य ध्यानात ठेवलेत, तर आज आपण जो पदार्थ करणार आहोत त्यातले जवळजवळ सगळे शास्त्र तुमच्या हाती आले. पदार्थ साधा आहे : लिंबाचा रस, साखर आणि पाणी यांचा, दूध न घालता केलेला, चमच्याने सहज खाता येईल असा मऊ बर्फ. युरोपात त्याला सॉर्बे म्हणतात. हा शब्द आणि आपले ‘सरबत’ एकाच अरबी कुळातले आहेत. इटलीतल्या व्हेनिस शहरात अशा लिंबाच्या बर्फावर फसफसती वाइन घालून ‘स्ग्रोपिनो’ नावाचे पेय करतात. मद्याचे आपल्याला कारण नाही. फसफसण्याचे काम आपला सोडा तितकेच चोख बजावतो.

चिक्की आणि बर्फ

आधी लोणावळ्याच्या चिक्कीकडे वळू. चिक्कीचा आणि बर्फाचा काय संबंध, असे विचाराल. संबंध सख्ख्या भावंडांचा आहे.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी, म्हणून नुसते पाणी १०० नव्हे तर ९८ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळते. (मुंबईहून आणलेली वेफर्सची पिशवी घाट चढल्यावर टम्म फुगते, तीही याच सात टक्क्यांची करामत.) पण चिक्कीच्या कढईतला कडक पाक दीडशे अंशांच्या जवळ जाऊन पोचतो. पाणी वाफ होऊन वर जाते तेही एकटेच, साखर मागे राहते. पाक दाट होत जातो आणि त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो. कारागीर पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून तो कट्कन मोडतो का ते पाहतो, तेव्हा खरे म्हणजे पाकात पाणी किती उरले आहे तेच तो मोजत असतो.

हीच गोष्ट खालच्या टोकाला घडते. पाणी बर्फ होऊन बाजूला झाले की उरलेला पाक दाट होतो आणि त्याचा गोठणबिंदू उतरत जातो. किती उतरतो, याचे गणित अवघड नाही. एक किलोग्रॅम पाण्यात कोणत्याही पदार्थाचे एक मोल रेणू विरघळले, की गोठणबिंदू १.८६ अंशांनी खाली येतो. साखरेचा एक मोल म्हणजे ३४२ ग्रॅम.

आपले सरबत घ्या. लिंबाच्या रसासकट पाणी ७५० ग्रॅम आणि साखर २५० ग्रॅम. किलोमागे हिशेब केला तर साखर ०.९७ मोल भरते. म्हणजे सरबत ० अंशाला गोठणारच नाही, उणे १.८ अंशाला पहिले स्फटिक दिसतील. निम्मे पाणी गोठले की उरलेल्या निम्म्यात साखर दुप्पट दाट, म्हणून गोठणबिंदू उणे ३.६. तीन-चतुर्थांश गोठले की उणे ७.३ च्या आसपास. (पाक फार दाट झाला की हे साधे गणित थोडे चुकू लागते, पण आपल्या कामाला पुरेसे आहे.) म्हणजे उणे ७ अंशांना नेऊनही एक-चतुर्थांश पाणी पाकाच्या रूपात पातळच राहते. स्फटिकांमधला तो पातळ पाक म्हणजेच सॉर्बेचा मऊपणा! गोड कमी आवडते म्हणून साखर निम्मी केलीत, तर चमचा वाकेल आणि बर्फ तसाच राहील. साखर इथे गोडीसाठी जितकी आहे तितकीच मऊपणासाठी आहे.

मीठ थंडी देत नाही

आता हे गोठवायचे कसे? फ्रीज असेल तर प्रश्नच नाही. पण मला विचाराल तर लाकडी बादलीचे, हाताने फिरवायचे आइस्क्रीमचे भांडे फ्रीजपेक्षा कितीतरी चांगला शिक्षक आहे. ते नसेल तर झाकणाचा स्टीलचा डबा आणि मोठे पातेले चालेल. पातेल्याला बाहेरून गोणपाट गुंडाळा. ॲल्युमिनियमचा डबा मात्र नको, लिंबाच्या आम्लाची त्याच्याशी गट्टी जमत नाही.

डब्याभोवती तीन भाग कुटलेला बर्फ आणि एक भाग जाडे मीठ असे थर घाला. मिश्रणाचे तापमान उणे १० च्याही खाली जाईल. मीठ आणि बर्फ यांचे प्रमाण अगदी नेमके साधले, तर उणे २१ अंशांपर्यंत उतरता येते. त्याखाली मिठाची मात्रा चालत नाही.

अकरावीच्या वर्गात मी दरवर्षी विचारतो, की ही थंडी आली कुठून? निम्म्याहून अधिक हात वर होतात आणि उत्तर येते, ‘मिठातून’. मीठ तर खोलीच्याच तापमानाचे होते! त्याच्याकडे द्यायला थंडी कुठली? खरी हकीकत अशी : ० अंशाच्या बर्फ-पाण्यात काही रेणू बर्फातून पाण्यात येत असतात आणि तितकेच पाण्यातून बर्फात जात असतात. पाण्यात मीठ मिसळले, की परत जाणाऱ्यांची संख्या घटते. जमाखर्च बिघडतो, बर्फ वितळू लागतो, आणि प्रत्येक ग्रॅम बर्फाला वितळण्यासाठी ८० कॅलरी अप्रकट उष्मा हवा असतो. तो तो कोठून आणणार? स्वतःच्या अंगातून, शेजारच्या खाऱ्या पाण्यातून आणि तुमच्या सरबतातून. मीठ केवळ वितळायला भाग पाडते, उष्णता शोषतो तो वितळणारा बर्फ. म्हणून पातेल्यात पाणी सुटू लागले तर घाबरून ते ओतून देऊ नका. पाणी सुटते आहे म्हणजे काम चालू आहे. शिवाय नुसत्या बर्फाचे तुकडे डब्याला दोन-चार ठिकाणीच टेकतात, हे पाणी डब्याला चोहोबाजूंनी भिडते. डब्याचे तोंड तेवढे पाण्याच्या वर ठेवा, नाहीतर सरबत खारट होईल.

बर्फ किती लागेल? एक किलो सरबत २८ अंशांवरून उणे २ वर आणायला साधारण २५,००० कॅलरी काढाव्या लागतात. त्यातले ५०० ग्रॅम पाणी गोठवायला आणखी ४०,०००. एकूण ६५,००० भागिले ८०, म्हणजे ८०० ग्रॅमांच्या थोडा वर बर्फ. प्रत्यक्षात तीन किलो घ्या, कारण खोलीतली हवाही आपला वाटा उचलते. जुलैच्या झडीत लोणावळ्याला हा वाटा आणखी मोठा असतो. दमट हवेतले एक ग्रॅम बाष्प पातेल्यावर दवासारखे बसले, की सात ग्रॅमांहून अधिक बर्फ वितळेल इतकी उष्णता देऊन जाते. त्याच मावळ तालुक्यात, पण पूर्वेला कोरड्या बाजूच्या तळेगावला, तितक्याच तापमानाच्या हवेत बर्फ जास्त वेळ टिकेल.

डबा सतत फिरवा आणि दर पाच मिनिटांनी कडेचा बर्फ लाकडी चमच्याने खरवडून मध्ये ढकला. स्वस्थ ठेवलात तर थोडे स्फटिक निवांतपणे मोठे होतील आणि दाताखाली कचकचतील. ढवळत राहिलात तर पुष्कळ स्फटिक जन्मतील, पण कोणालाच वाढायला सवड मिळणार नाही. पाऊण तासाच्या मेहनतीचे सार एवढेच आहे.

इथे दोन गोष्टी निक्षून सांगतो. बर्फ-मिठाचे मिश्रण हातात धरून किंवा कातडीवर ठेवून कोण किती वेळ टिकतो, असली पैज लावू नका. उणे १५ अंशांना कातडी गोठते आणि भाजल्यासारखी जखम होते. दुसरी गोष्ट बर्फाच्या लादीची. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली नियम केला, की खाण्याजोगा नसलेला बर्फ निळसर रंगाचा असावा. असा निळा बर्फ डब्याच्या बाहेर खुशाल वापरा, पेल्यात मात्र त्याचा खडाही नको. गोठल्याने जंतू मरतात हा समज खोटा आहे. पुष्कळसे जंतू बर्फात नुसते झोपून राहतात आणि तुमच्या पोटात गेले की जागे होतात. स्फटिकाने बाहेर ढकललेली घाण लादीतून कुठे निघून जात नाही, ती फटींतच राहते.

सोडा शेवटी का?

सोडा आधीच सरबतात मिसळून सगळे एकदम गोठवले तर? करून पाहू नका, विचार करून पाहा. वातावरणाच्या दाबाखाली एक लिटर पाण्यात ० अंशाला सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड मावतो, ३० अंशाला पाऊण लिटरही मावत नाही. सोडा गार हवा तो यासाठी. पण पाणी गोठू लागताच वायूला बर्फात थारा नाही. उघड्या भांड्यात तो निसटून जातो आणि फसफसण्याऐवजी बेचव आंबट बर्फ उरतो. बंद बाटलीत तो निसटणार कोठे? दाब वाढत जातो, त्यातच पाणी बर्फ होताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, आणि काचेची बाटली फुटते. सोड्याची काचेची बाटली फ्रीजरमध्ये कधीही ठेवू नये ती म्हणूनच.

तेव्हा बर्फ आधी पेल्यात आणि सोडा मागाहून, कडेने, हळूहळू. तरीही फेस उसळेलच. स्फटिकांच्या खरबरीत अंगावर, त्यांत अडकलेल्या हवेच्या कणांवर बुडबुडे धरतात. शिवाय उणे ६ अंशांच्या बर्फावर सोड्याचा पातळ थर क्षणभर गोठतो आणि आपला वायू बाहेर टाकतो.

फसफसत्या वाइनच्या कारखान्यात या गोठण्याचा मोठ्या खुबीने उपयोग करतात. असा कारखाना आपल्या पुणे जिल्ह्यातही होता. जुन्नर तालुक्यात नारायणगावला १९८० च्या दशकात द्राक्षांपासून ही वाइन होऊ लागली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी गेली. जुन्या फ्रेंच पद्धतीत वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. लिटरमागे २४ ग्रॅम साखर आंबली, की बाटलीत वातावरणाच्या सहापट दाब तयार होतो. पण मेलेल्या यीस्टचा गाळही बाटलीतच राहतो. वायू जाऊ न देता हा गाळ काढायचा कसा? बाटली हळूहळू उलटी करून गाळ मानेत आणतात आणि फक्त मान उणे २५ अंशांच्या आसपासच्या द्रावणात बुडवतात. (साधे मीठ उणे २१ लाच थकते, म्हणून इथे ग्लायकॉलसारखा दुसरा पदार्थ.) मानेतली वाइन गोठून गाळासकट बूच बनते. झाकण उघडले की आतला दाब ते बूच बाहेर फेकतो. बाकीची बाटली गार असल्याने वायू फारसा निसटत नाही.

आता तुमच्यासाठी एक काम. लिंबाऐवजी मोसंबीचा बर्फ करायचा आहे. मोसंबीच्या १०० ग्रॅम रसात ८ ते १० ग्रॅम साखर आधीचीच असते. रसात पाणी न घालता केलेला किलोभर बर्फ आपल्या लिंबाच्या बर्फाइतकाच मऊ हवा असेल, तर वरून किती साखर घालावी लागेल? सगळी साखर ३४२ ग्रॅमला मोलवाली आहे असे धरून गणित मांडा, आणि मग डबा फिरवून ताडून पाहा.